कासव तिरपं पोहतंय, दुकानातले ड्रॉप पुरतील का?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मुलाच्या हट्टापायी रेड इअर्ड स्लायडर कासव घेतलं होतं. थंडी सुरू झाली तसे त्याचे डोळे सुजून बंदच झाले, खाणं सोडलं आणि आता पाण्यात एका बाजूला कलून पोहून राहिलं. दुकानदाराने डोळ्यात टाकायचे ड्रॉप दिले, काहीच फरक नाही. कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरकडे नेलं तर चालते का? घरचे म्हणतात फुटाळा तलावात सोडून दे. – एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर: ताई, ड्रॉपवर आता एकही दिवस घालवू नका, उद्या सकाळीच न्या त्याला. डोळे अ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा पाणी घाण राहिलं तरी सुजतात, पण मला जास्त काळजी त्या कलण्याची वाटते, कारण न्यूमोनियात एका बाजूचं फुप्फुस भरलं की कासव असंच तिरपं होतं, आणि ते एक्स-रेशिवाय नक्की कळत नाही. कासवाचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, आपल्याकडे जानेवारीत रात्री किती गारठा पडतो माहितीये ना, टाकीत हीटर नसेल तर त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि दिलेलं औषधही नीट लागू पडत नाही.

कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरांना आधी फोन करून सरळ विचारा, सर तुम्ही कासवं बघता का? नसतील बघत तर कोणाकडे जायचं ते सांगतील, नाहीतर नागपूर व्हेटर्नरी कॉलेजला चौकशी करा. पण डिग्री आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेलाच डॉक्टर हवा, हे मी हात जोडून सांगते, कारण गाई-कुत्र्यांना सर्रास देतात ते जंतांचं औषध आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेऊ शकतं, त्यामुळे मेडिकलमधून अंदाजाने काहीच आणू नका.

नेताना पाण्यात नको, भोकं पाडलेल्या डब्यात ओला टॉवेल घालून न्या. सोबत टाकीचे आणि दिव्याचे फोटो, पाण्याचं तापमान, रोजचं खाणं, किचनच्या काट्यावर केलेलं ग्रॅममधलं वजन आणि मिळाली तर ताजी विष्ठा, एवढं असलं की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, आहे का ते विचारतीलच, खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यात धरू नका, काच ते किरण अडवते. इंजेक्शन पुढच्या पायात दिलं तर घाबरू नका, मागच्या पायातलं रक्त हृदयाकडे जाताना आधी किडनीतून जाऊ शकतं म्हणून तसं देतात. आणि दोन दिवसांत डोळे उघडले म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही, कासवं बरी व्हायला आठवडे घेतात!

मुलाला कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा, साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो, टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतू नका.

फुटाळ्याचं मात्र डोक्यातून काढाच. हे अमेरिकेतलं कासव आहे, आजारी असताना सोडलं तर तिथे मरेल आणि जगलं तर आपल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा बळकावेल, 25-30 वर्षं सहज जगतं ते. खरंच ठेवणं होत नसेल तर बरं झाल्यावर त्याच डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे येणाऱ्यांत नीट सांभाळणारं कोणीतरी निघतं.