कॅन्सर न झालेल्या पेशी प्रोस्टेटचा कॅन्सर कशा वाढवतात?

तुम्ही विचारलंय की वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि डॉक्टर म्हणाले, 'आजूबाजूच्या पेशीही त्याला खतपाणी घालतात.' ज्या पेशी चांगल्या आहेत त्या असं का करतील?

मी मिरजेत एका लॅबमध्ये बायोप्सीच्या स्लाइड तयार करतो. डॉक्टर नाही, पण रोज हेच डोळ्यांखालून जातं. स्लाइडवर ग्रंथींच्या पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि ग्रंथींच्या मधला स्नायू-तंतूंचा भाग गुलाबी. कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारी, डॉ. ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली श्रेणी ग्रंथींच्या ठेवणीवरून ठरते. गुलाबी भागाला रिपोर्टात बहुतेक वेळा एक ओळही मिळत नाही. तुमचा प्रश्न त्या गुलाबी भागाचा आहे.

मुळात प्रोस्टेट घडते तीच गुलाबी भागातल्या या शेजारी पेशींमुळे. गर्भात पुरुष हार्मोनचा निरोप आधी भोवतालच्या पेशी घेतात आणि त्या ग्रंथींना वाढायला लावतात. मोठेपणी त्याच पेशी ग्रंथींना आवरून धरतात. कॅन्सरच्या पेशी मात्र टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतात आणि शेजारच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी जखम झाल्यासारख्या कामाला लागतात. कोलॅजनचे तंतू टाकतात, नव्या रक्तवाहिन्या बोलावतात, वाढीची रसायनं सोडतात. खरी जखम भरली की हे काम थांबतं. इथं ते थांबतच नाही.

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रोस्टेटच्या अशा मानवी पेशी घेतल्या, ज्या एकट्या गाठ करत नाहीत. निरोगी फायब्रोब्लास्टसोबत त्या उंदरांत रोवल्या तेव्हा कॅन्सर झाला नाही. कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या फायब्रोब्लास्टसोबत रोवल्या आणि मोठ्या गाठी आल्या. आमच्याकडच्या हळदवाल्याला हे नवं नाही. बेणं तेच, पण रानात पाणी साचलं की कंदकूज.

हाडात पोचल्यावर तर हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. कॅन्सरच्या पेशी हाड बांधणाऱ्या आणि हाड झिजवणाऱ्या, दोन्ही पेशींना चिथावतात. हाड झिजलं की त्यात साठलेली वाढीची रसायनं सुटतात आणि ती गाठीलाच मिळतात. म्हणून हाडात पसरलेल्या रुग्णाला झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतात, थेट कॅन्सरला मारायला ती नसतात.

मग गाठीभोवतीच्या सगळ्या फायब्रोब्लास्ट मारून का टाकत नाहीत? स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये २०१४ साली उंदरांवर तसं करून पाहिलं, तर आजार उलट बळावला. म्हणजे त्यातल्या काही अजून कुंपणाचं काम करत होत्या. कोणत्या कुंपण आणि कोणत्या फितूर, हे निवडणं अवघड आहे.

एक मात्र सांगतो, आणि सांगलीकर असून सांगतो: 'पेशींभोवतीचं वातावरण सुधारतं' म्हणून कुणी हळदीच्या कॅप्सूल गळ्यात मारल्या, तर त्यांच्या भरवशावर वडिलांचं पुरुष हार्मोन दाबणारं इंजेक्शन चालू असेल तर ते चुकवू नका. हळद भाजीत घाला.