देणं दोन्हीकडे, मागणं एकीकडे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न सहा विचारलेस, पण घोळ एकच आहे: जर्मन पासपोर्ट घेतला तर मी कुणाची? ऑफिसातले 'इंडो-जर्मन' म्हणतात, घरचे 'फिरली ही' म्हणतात, आणि तू मधल्या आडव्या रेघेवर अडून बसलीस. त्या रेघेला आपल्या व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने १९१५ साली भाषणात याच रेघेला नावं ठेवली होती. ब्रिटनमध्ये १९९० साली नॉर्मन टेबिट या पुढाऱ्याने बाहेरून आलेल्यांची निष्ठा क्रिकेटवरून जोखायचं काढलं: सामन्यात कुणाच्या बाजूने ओरडता? तुझे सहकारी फुटबॉलवरून विचारतात तेही तेच. त्याला उत्तर देत बसू नकोस. ओरडून कुणाचं देणं फिटत नाही.

माझं म्हणणं एका ओळीत मावतं. देणं, म्हणजे कर्तव्य, दोन्हीकडे चालतं; मागणं, म्हणजे हक्क, एकीकडेच.

आधी कायदा, कारण तिथे तू सरळ चुकलीस. २७ जून २०२४ पासून जर्मनी नागरिकत्व देताना जुनं सोडायला लावत नाही, हे खरं. त्यावरून 'दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात' असं तू काढलंस, ते खोटं. जर्मनीने आपली अट काढली, भारताने काढलेली नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ वाच. स्वखुशीने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. त्यासाठी कुणाचा हुकूम यावा लागत नाही. आणि दिवस कुठला धरायचा? जर्मन पासपोर्ट हातात पडेल तो नाही, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात देतील तो. लोक नेमके इथे घसरतात. प्रमाणपत्र मिळालेलं, नवा पासपोर्ट यायला अवकाश, गणपती तोंडावर, तिकीट काढलेलं. मग जुन्याच पासपोर्टवर येऊन जातात. तो पासपोर्ट कायद्याने मेलेला असतो, आणि तो वापरला म्हणून दंड पुढे अर्ज करताना निघतो.

क्रम असा ठेव. प्रमाणपत्र, मग जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट वकिलातीकडे जमा करून सरेंडर सर्टिफिकेट (तुझ्या स्टुटगार्टकडच्या भागाला म्युनिकचं कॉन्सुलेट लागतं), आणि ते हातात आल्यावर ओसीआयचा, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा अर्ज. हे सगळं होईपर्यंत गावी यायचं ठरवू नकोस. गणपती पुढच्या वर्षीही येतात.

खरी अडचण नावात आणि गावात होते. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. तुझ्या पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या स्पेलिंगने असेल, आता नव्याने काढलेल्या जन्मदाखल्यावर नव्या. दहावीच्या मार्कशीटवर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर, पासपोर्टवर आडनाव पूर्ण, तुझ्या वडिलांचं, आप्पांचं, नाव एका कागदावर 'राव' लावून तर दुसऱ्यावर नाही. तिथल्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. म्हणून एक कागद खांब धर, पासपोर्ट, आणि बाकीचे त्याला जुळवून घे. जुळत नसेल तिथे 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र कर, अर्ज भरायच्या आधी, अडल्यावर नाही. जन्मदाखल्याला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, पुरेल असं गृहीत धरू नकोस. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात गेला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे तुझ्या शहराच्या ऑफिसला काय चालतं ते लेखी विचारून घे. मी पत्रात बेळगावच लिहितो आणि लिहीत राहणार. पण अर्जात कागदावर आहे तेच. अर्ज ही चळवळ करायची जागा नव्हे.

आता ओसीआय. नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नाही, आयुष्यभराचा व्हिसा आहे. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे मिळत नाही. पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर वेगळी परवानगी लागते. हे तुला अपमानासारखं वाटलं असं लिहिलंस. का? मागणं एकीकडेच, हे भारतानेही ओळखलंय, एवढंच. प्रमाणपत्र मिळालं की, गावच्या मतदार यादीत जुनं नाव राहिलं असेल तर ते फॉर्म ७ भरून काढून टाक. घरचे म्हणतील 'राहू दे, कुणाचं काय जातंय'. राहू द्यायचं नाही.

आणि मताचं एवढं दुःख आहे तर एक विचारतो, राग मानू नकोस. आज तू भारतीय नागरिक आहेस. परदेशातल्या भारतीयाला २०१० च्या दुरुस्तीने मतदार होता येतं: फॉर्म ६ए भरायचा, पासपोर्टवरच्या गावच्या यादीत नाव येतं, आणि मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर उभं राहायचं. तू भरलास का तो फॉर्म? नाही. मग जे वापरलंच नाही ते जाणार म्हणून रडणं मला कळत नाही.

जमिनीची भीती घरच्यांनी घातली आहे. 'जर्मन झालीस तर खानापूरची जमीन सरकार घेईल.' कुणी घेत नाही. परकीय चलनाच्या नियमांत शेतजमिनीपुरता अनिवासी भारतीय आणि ओसीआयवाला यांना एकच माप आहे. दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने मिळवता येत नाही. दोघांनाही आईवडिलांकडून वारसाने येते. म्हणजे जे बंधन यायचं ते तू नोकरीला तिकडे गेलीस तेव्हाच आलंय. कर्नाटकाने २०२० मध्ये शेतकरी नसलेल्यांनाही जमीन घ्यायची मुभा दिली, पण ती राज्याची. केंद्राचा नियम त्याने सुटत नाही. तेव्हा आप्पांना सांग, प्रेमापोटी तुझ्या नावे बक्षीसपत्र करू नका, मृत्युपत्र करा. बांधाशेजारचे चार गुंठे विकायला निघाले तर ते भावाच्या नावे घ्या, तुझ्या नाही. पुढे तुझ्या हिश्शाचं विकायचं झालं तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नसेल. आज तुझ्याकडे कायमचा राहण्याचा परवाना आहे. त्यावर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस तर तो साधारणपणे संपतो. आप्पांची तब्येत बिघडली आणि वर्षभर इथे राहावं लागलं, तर परत जायचं दार बंद. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर दोन वर्षं राहा, कोण अडवतंय? हाच पासपोर्ट तुला आप्पांच्या उशाशी बसायला मोकळीक देतो. 'फिरली' म्हणणाऱ्यांना हे समजावायच्या भानगडीत पडू नकोस.

शपथेचं. अमेरिकेच्या शपथेत परक्या सत्तांवरची निष्ठा सोडल्याचं स्पष्ट म्हणावं लागतं. जर्मनीत तसं नाही. राज्यघटना आणि कायदे पाळीन, देशाला अपाय होईल असं काही करणार नाही, एवढं जाहीर करायचं. त्याच्या जोडीला नाझी राजवटीतल्या अन्यायाची विशेष ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू जीवनाचं रक्षण मान्य असल्याचं सांगावं लागतं. इथे थांब जरा. ते पाप तुझ्या आजोबा-पणजोबांनी केलेलं नाही, तरी देणं तुझ्या खात्यावर चढतं. ३३ पैकी १७ प्रश्न बरोबर आले की नागरिकत्वाची परीक्षा पास. पण हे वाक्य म्हणवत नसेल तर अर्जाचे २५५ युरो भरू नकोस.

तू लिहितेस, 'आपण सीमाभागातले, आपल्याला दोन निष्ठांची सवय जन्मापासून.' हे वाक्य खोड. भारतात नागरिकत्व एकच आहे, कर्नाटकाचं वेगळं आणि महाराष्ट्राचं वेगळं असं काही नसतं. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा, हे सगळं एका घरातल्या भिंतीचं भांडण आहे. लहान मुलांना मातृभाषेत शाळा हे कलम ३५०अ मधलं आहे, १५ टक्के भाषिक असतील तिथे त्यांच्या भाषेत सूचना हे धोरण केंद्राचं आहे. जिथे कर भरतो तिथेच हे मागतो. तू टोमणा मारशील, 'महाराष्ट्राच्या सवलतीही घेता की!' घेतो. देश एकच असल्यामुळे माझा नियम त्याने मोडत नाही, असं मी मानतो, आणि हे इतक्यांदा सांगावं लागतं यातच काहीतरी आहे हेही मला कळतं.

चुकलो ते दुसरीकडे. मागण्याच्या भरात देणं राहिलं. पन्नास वर्षं या मातीत काढून कन्नड कागद नीट वाचता येईना, कचेरीत दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहणं आलं. हट्ट मराठीचा होता, तो आजही आहे. कन्नड न शिकण्याचा नव्हता, पण झालं तसंच. तू जर्मन बी१ या मधल्या पातळीपर्यंत शिकलीस आणि कन्नड दहावीच्या पासिंगवर सोडलंस. तुला शाळेत ती भाषा फुकट मिळाली होती.

म्हणून एक काम देतो, पासपोर्टच्या आधीचं. कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या 'भूमी' वेबसाइटवर तुमच्या जमिनीचा उतारा उघड: तालुका, होबळी (तालुक्यातला महसुली विभाग), गाव, सर्वे नंबर, हिस्सा. खातेदाराचं नाव अजून आजोबांचंच असेल तर आप्पांच्या नावे पौती खात्याचा, म्हणजे वारसनोंदीचा अर्ज आधी करावा लागेल, तुझी पाळी त्यानंतर. सगळं कन्नडमध्ये आहे. भाषांतराचं ॲप लावू नकोस. नाव वाच आणि कोणाचं आहे ते मला कळव.