वाचकांचे प्रश्न : ध्रुवतारा दिसत नसेल तर दुर्बीण कशी लावावी?

प्रश्न : पुण्यात आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर ८ इंची दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या आधारावर) आहे. मोटर चालू असूनही शनी दहा मिनिटांत दृश्याबाहेर जातो. उत्तरेला इमारत असल्याने ध्रुवतारा दिसत नाही. काय करावे?

उत्तर : मोटर ठीक असेल, तर दोष बहुधा ध्रुवीय अक्षाचा आहे, म्हणजे मोटर दुर्बीण ज्या अक्षाभोवती फिरवते आणि जो ध्रुवताऱ्याजवळच्या आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेला हवा, त्याचा. पुण्यात तो क्षितिजापासून साधारण १८.५ अंश वर हवा. दिशेसाठी फक्त होकायंत्रावर विसंबू नका. लोखंडी खांबाजवळ सुई फसवते.

क्रॉसहेअरचा (मध्यावर फुलीच्या रेषा असलेला) आयपीस लावून सुमारे २०० पट वर्धन ठेवा. दक्षिणेला, डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ आणि खगोलीय विषुववृत्तालगत (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेलगत) असलेला तारा मध्यावर आणा. नळी किंचित उत्तरेकडे ढकला: तारा ज्या बाजूला सरकेल ती आयपीसमधली दक्षिण. हे आधी ठरवले नाही, तर पुढची दुरुस्ती हमखास उलटी होते! आता तारा पुन्हा मध्यावर आणून पाच मिनिटे पाहा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला वळलेला आहे, पश्चिमेकडे फिरवा. उत्तरेकडे सरकला तर उलट. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे लक्ष देऊ नका, ते मोटरच्या वेगाचे असते.

मग पूर्वेला २०-३० अंश उंचीवरचा, विषुववृत्तालगतचाच तारा घ्या. दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उचला. उत्तरेकडे, तर खाली घ्या. नंतर पहिला तारा पुन्हा तपासा, कारण उंचीचा स्क्रू फिरवताना दिशाही थोडी हलते.