शिवाजी पार्कात घरच्यांसह एक रविवार घालवायचा असेल तर तो कसा आखावा?

आपण विचारले आहे की, जानेवारीत एका लग्नासाठी सांगलीहून दादरला येणे होणार आहे आणि मधला एक रविवार मोकळा आहे. सोबत क्रिकेटचे वेड असलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई असतील, तेव्हा शिवाजी पार्कात अर्धा दिवस घालवण्यासारखे काही आहे का, तिकीट किती, मुलाला तिथे खेळता येईल का आणि सासूबाईंना बसता येईल का, असे आपले प्रश्न आहेत. माझे बालपण या मैदानाशेजारच्या एका गल्लीत गेले, लग्नानंतरही मी दादर सोडले नाही आणि आजही पावसाचे दिवस वगळता सकाळची फेरी चुकवत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तिकीट अजिबात नाही. मात्र येण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की असू द्यावी की हे उद्यान नव्हे, मैदान आहे. फुलांचे ताटवे, कारंजी, हिरवळ अशा अपेक्षेने येणारे पाहुणे पाच मिनिटांत 'बघून झाले' असे म्हणून चौपाटीकडे वळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे. सुमारे २८ एकरांची ही मोकळी जमीन आहे, तिच्या भोवती झाडांची रांग आहे आणि कडेने बसका दगडी कट्टा आहे. बघण्यासारखे जे आहे ते म्हणजे या जागेत रोज चालणारे खेळणे, फिरणे आणि बसणे. त्यात आपणही दोन-तीन तास सामील व्हावे, तरच येण्याचे सार्थक होईल.

महापालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. दोन वर्षांनी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. महाराजांचे जन्मवर्ष त्या काळी १६२७ मानले जात असे, त्यामुळे १९२७ हे त्रिशताब्दीचे वर्ष ठरले होते. २०२० पासून 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असे पूर्ण नाव झाले आहे, पण इथला माणूस बोलताना नुसते 'पार्क' म्हणतो, आणि दादरमध्ये कोणी 'पार्कात चाललो' म्हणाले तर दुसरे कोणतेही पार्क कोणाच्या मनात येत नाही. मैदानातील महाराजांचा अश्वारूढ पुतळा मुलाला आवर्जून दाखवा. त्यात उपसलेली तलवार नाही, महाराजांचा हात पुढे दिशा दाखवत आहे.

आता वेळेविषयी, कारण सगळे तिच्यावर अवलंबून आहे. सकाळी साडेसहाला पोहोचावे असे मी सुचवीन. जानेवारीत त्या वेळी अजून अंधारच असतो, सूर्य सातनंतर उगवतो, तरीही कट्ट्यालगतच्या वाटेवर चालणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते. पूर्ण फेरी साधारण सव्वा किलोमीटरची भरते. बेताच्या चालीने पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात उजाडते. दादर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून रानडे रोडने चालत आलात तरी वीस मिनिटे पुरतात, पण सासूबाईंसाठी टॅक्सी करावी हे बरे. मेट्रो ३ चे दादर स्थानकही आता मैदानापासून दूर नाही.

सासूबाईंना पूर्ण फेरीचा आग्रह करू नका. त्यांना सरळ कट्ट्यावर बसवा. हा कट्टा म्हणजे मैदानाच्या कडेची, बसल्यावर पाय सहज जमिनीला टेकतील इतक्याच उंचीची भिंत आहे, आणि माझ्या मते पार्कातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. तिच्यावर कोणाचे नाव नाही, तरी नेहमीच्या मंडळींच्या जागा ठरलेल्या असतात. माझे वडील निवृत्तीनंतर बावीस वर्षे एकाच झाडाखाली बसत. तिथल्या दगडाला पडलेली एक बारीक चीर ते बोटाने चाचपत आणि मगच टेकत, कारण ती सापडली की जागा बरोबर आहे याची त्यांना खात्री पटे. त्यांच्या शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक प्राध्यापक आणि एक भाजीविक्रेते बसत, आणि चौघांचे बोलणे क्रिकेट, मुलांच्या नोकऱ्या आणि गुडघे यांवर आलटून पालटून चाले. आपल्या सासूबाई तिथे दहा मिनिटे बसल्या की शेजारची कोणीतरी बाई 'कुठून आलात?' असे विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि गुडघ्यांचा विषय निघाल्यावर पुढचा तास कसा गेला ते कळणार नाही. कट्ट्याला पाठ टेकायची सोय नाही, एवढीच त्याची उणीव आहे. पाठ दुखू लागली तर ज्येष्ठांसाठी केलेले नाना-नानी पार्क तिथेच आहे, तिकडे न्यावे.

मुलाच्या खेळण्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे, म्हणून स्पष्ट सांगते. रविवारी सकाळी मैदानाचा बराचसा भाग क्लबांच्या सामन्यांनी आणि सरावाच्या जाळ्यांनी व्यापलेला असतो. एकाच वेळी इतके सामने शेजारी-शेजारी चालतात की एका सामन्यातला सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो, आणि तरीही आपला चेंडू कोणता हे प्रत्येकाला बरोबर कळते. हे सगळे सीझन बॉलने, म्हणजे कठीण चामडी चेंडूने चालते, म्हणून मधून आडवे चालत जाऊ नये आणि मुलालाही जाऊ देऊ नये. चेंडू लागून डोके फुटलेले मी पाहिले आहे. खेळायचेच असेल तर टेनिस बॉल आणि बॅट सोबत आणा आणि मोकळा कोपरा शोधा. कोपऱ्यात खेळणारी मुले नवीन मुलाला सहसा घेतात, फक्त त्याने स्वतः जाऊन 'मला घेता का?' असे विचारायला हवे. आईवडिलांनी मध्यस्थी केली की मुले संकोचतात, हा माझा माझ्या दोन मुलांबाबतचा अनुभव आहे.

खेळण्याइतकेच सराव पाहणेही त्याला आवडेल. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर मुले घडवली. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित हे सगळे त्यांच्या हाताखालचे. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते मिळायचे, आणि कोणालाच बाद करता आले नाही तर ते सचिनचे, ही त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. अशी तेरा नाणी आपण जपून ठेवली आहेत, असे तेंडुलकरांनी स्वतः सांगितले आहे. सर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या स्मारकाचे अनावरण मैदानाच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ तेंडुलकरांच्याच हस्ते झाले. मुलाला आधी ते दाखवा आणि नंतर एखाद्या जाळीच्या मागे पंधरा मिनिटे उभे करा. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज टीव्हीवर येतो तसा नसतो, तो कोरडा आणि जवळचा असतो. लहान मुलगे एकच फटका वीस-वीस वेळा मारताना दिसतात, तेही त्याने पाहावे. पावसाळ्यात कधी पुन्हा आलात तर १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगचे सामने पाहता येतील. ओल्या, चिकट खेळपट्टीवर चेंडू कसा वळतो आणि कसा थांबून येतो हे मुंबईचा फलंदाज या स्पर्धेत शिकत आला आहे.

क्रिकेटच्या नावापुढे जे बाहेरच्यांच्या नजरेतून निसटते आणि ज्याविषयी मला सर्वांत अधिक ओढ आहे, ते म्हणजे मैदानाच्या कडेचे श्री समर्थ व्यायाम मंदिर. हेही १९२५ चेच. मी आठव्या वर्षापासून पाच वर्षे तिथे दोरीचा मल्लखांब शिकले. मुलगे पुरलेल्या लाकडी खांबावर आणि आम्ही मुली टांगलेल्या दोरीवर, अशी तेव्हा विभागणी असे. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून चढायचे असते. पहिले काही आठवडे तिथली कातडी सोलवटून निघते, मग तिथे घट्टा पडतो आणि मगच अढी, म्हणजे पायांची पकड, बसते. माझ्या डाव्या पायावर त्या घट्ट्याची खूण अजून आहे. लाकडी खांबही जवळून पाहण्यासारखा असतो. तो खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. मुख्य भागाला अंग, त्यावरच्या बारीक भागाला मान आणि सर्वांत वरच्या गोल टोकाला बोंड म्हणतात. खांबाला एरंडेल चोळतात, त्यामुळे त्याला एक गडद, तुळतुळीत रंग चढतो आणि जवळ गेले की त्याचा वास येतो. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पळत येऊन खांबाला मिठी मारतो, उलटा होतो, पायांची पकड घेऊन हात सोडतो आणि दोन श्वासांत बोंडावर उभा राहतो, हे समोर पाहताना आपलेच पोट आत ओढले जाते.

हा व्यायामप्रकार दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला, असे मानले जाते. तो आज जगभर पोहोचला आहे, आणि त्यात या व्यायाममंदिराचा आणि तिथे आयुष्य वेचलेल्या उदय देशपांडे सरांचा वाटा फार मोठा आहे. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये इथेच, शिवाजी पार्कला झाली आणि २०२४ मध्ये सरांना पद्मश्री मिळाली. दृष्टिहीन मुलामुलींनाही सरांनी मल्लखांब शिकवला आहे. वर्ग चालू असतील तर तिथल्या शिक्षकांना विचारून, मुलांच्या सरावात व्यत्यय न आणता, बाजूला उभे राहून पाहावे. रविवारच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. आपला मुलगा केवळ क्रिकेटसाठी येत असला तरी घरी परतताना तो कदाचित मल्लखांबाविषयीच बोलेल. माझ्या पुतण्याचे तसेच झाले होते.

धुळीविषयी लिहिले नाही तर उत्तर प्रामाणिक होणार नाही. मैदानावरची लाल माती कोरड्या दिवसांत उडते. दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत, विशेषतः दुपारच्या वाऱ्यात, ती आसपासच्या घरांच्या खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि ज्येष्ठांच्या छातीत जाऊन बसते. पाणी मारणे, गवत लावणे असे उपाय होत आले आहेत, पण आमच्या घरात आजही दिवसातून दोनदा फरशी पुसावी लागते. ज्या मैदानावर आमच्या पिढ्या वाढल्या, त्याच्याच धुळीने इथल्या म्हाताऱ्या माणसांना खिडक्या बंद करून बसावे लागते, याचे मला मनापासून दुःख आहे. सासूबाईंना दमा असेल तर त्यांना सकाळी नऊपर्यंतच थांबवावे आणि मुलाचा रुमाल ओला करून जवळ ठेवावा. रात्रीच्या गारव्याने माती जरा दबलेली असते, सकाळ सुचवण्याचे ते दुसरे कारण.

तारखेकडेही लक्ष द्यावे. २६ जानेवारीला इथे संचलन असते आणि त्याआधी काही दिवस मंडप आणि तालमी यांत मैदान अडलेले असते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते, त्या सकाळी स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावरची वाहतूक वळवलेली असू शकते, तेव्हा टॅक्सीवर विसंबू नये. पुढे कधी डिसेंबरात येणार असाल तर ६ तारखेला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी देशभरातून लोक येतात आणि त्यांच्या मुक्कामाची सोय याच मैदानावर होते. तेव्हा खेळण्यासाठी येऊ नये, अभिवादनासाठी मात्र अवश्य यावे.

खाण्याची चिंता करू नका. नऊच्या सुमारास भूक लागली की मैदानाच्या आसपास आणि गडकरी चौकाच्या बाजूला मराठी पदार्थांची जुनी, भरवशाची उपाहारगृहे आहेत. साबुदाणा वडा आणि त्यावर पियूष घ्यावे. रविवारी रांग असते, म्हणून एकाने आधी जाऊन नाव नोंदवावे आणि सासूबाईंना तोवर कट्ट्यावरच बसू द्यावे.

त्यानंतर ऊन चढते. तेव्हा घरी जाऊन विश्रांती घ्या आणि जमल्यास साडेपाचला पुन्हा या. संध्याकाळचे पार्क सकाळपेक्षा वेगळे असते. लहान मुले बालोद्यानात असतात, कट्टा तरुण मुलामुलींनी भरलेला असतो, सामने आटोपून पोरे किटबॅगा खांद्याला लावून निघालेली असतात, आणि टेनिस बॉलवाल्यांना बरीच जागा मोकळी झालेली असते, म्हणजे आपल्या मुलाची खरी वेळ तीच. समुद्र पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, तेव्हा मुलाला सहाच्या आत खेळातून उठवावे लागेल. तो ऐकणार नाही असे वाटत असेल तर आपणच तिकडे जाऊन या. सासूबाई कट्ट्यावर बसून त्याच्याकडे लक्ष ठेवतील आणि त्यांच्या सोबतीला सकाळी ओळख झालेली कोणीतरी असेलच.