मुलगी नववीत आहे, 3000 मीटर पळते. दहावीत पळणं बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी शाळेकडून 3000 मीटर पळते, यंदा जिल्ह्याला सिलेक्ट झालीये, रोज दमून येते, क्लासवाले म्हणतात दहावीत हे सगळं बंद करा, तर करावं का, आणि अशा मुलांचं रोजचं आयुष्य असतं तरी कसं. मी ठाण्यातच आठवी ते बारावी 1500 आणि 3000 पळलेय. बंद करू नका. पण "रोज दमून येते" हे तुम्ही सहज लिहून गेलात ना, मी तिथेच थांबले, कारण माझी नववी त्यातच गेली.

आधी दिवस सांगते. आम्ही वर्तकनगरला राहायचो. शाळा सातची, साडेबाराला सुटायची, घरी येऊन जेवण, तासभर झोप, मग टीएमटीची बस पकडून दादोजी कोंडदेव स्टेडियमला, साडेसहापर्यंत प्रॅक्टिस, तिथूनच कपडे बदलून क्लास, घरी यायला साडेनऊ, मग जेवण, मग होमवर्क. मंगळवार शुक्रवार हार्ड वर्कआउट, म्हणजे 400 मीटर जोरात दहा वेळा आणि मधे दीड मिनिट रेस्ट, रविवारी पहाटे उपवनपासून येऊरचा चढ, बाकीचे दिवस हळू पळायचे. पावसाळ्यात शूज वाळतच नाहीत, रात्री आत पेपर कोंबून फ्रिजच्या मागे ठेवायचे. बर्थडे, ट्रिप, लग्नं बरीच सुटतात, पण त्याचं मला तेव्हाही फार काही वाटलं नाही, कारण ट्रॅकवरच्या मुली हेच माझं जग होतं.

3000 म्हणजे ट्रॅकचे साडेसात राउंड. पहिले दोन अंगावर येतच नाहीत, तिसऱ्या चौथ्यात तुम्ही समोरचीच्या पाठीकडे बघत पळता, आणि पाचव्या सहाव्यात खरी रेस असते, तिथे पाय जड होतात, शेवट अजून दिसत नाही आणि सोडून द्यावंसं वाटतं, त्या दोन राउंडमध्ये जी टिकते ती पुढे येते. मी आठवीत असताना, 2016 ला, ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या 3000 मीटर शर्यतीच्या फायनलला पोचली, तिथे दहाव्या नंबरावर आली. साताऱ्याकडची मुलगी. हीटमध्ये तिने 9:19.76 चं टायमिंग दिलं, आणि तेही 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्यांसकट. माझं साधं 3000 चं बेस्ट तेव्हा बारा मिनिटांच्या आसपास होतं. तिचा तो 9:19.76 मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

नववीत जिल्ह्याला 11:10 आलं, म्हणजे एक राउंड साधारण 89 सेकंदात, आणि मी हवेत. तिथून मी हळूच्या दिवशीपण जोरात पळायला लागले, मुलांच्या ग्रुपसोबत, आणि आमचे सर म्हणायचे की अंग हलकं असेल तर वेग येतो, म्हणून रात्रीच्या दोन पोळ्या बंद. घरी सांगायचे की क्लासला खाल्लं. दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली, वर्गात डोळे मिटायचे, नडगी दाबली की दुखायची, आणि जानेवारीतल्या ट्रायलला 12:05. सर म्हणाले आळस वाढलाय. मी रडून अजून जास्त पळले.

आईच्या एके दिवशी लक्षात आलं की माझी पाळी तीन महिने आलेली नाही. मी तिला सांगितलंच नव्हतं, ट्रॅकवर सिनियर मुली म्हणायच्या की पळणाऱ्यांचं असंच होतं, आणि मला उलट ते बरंच वाटायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4, बायकांचं 12 च्या वर हवं. त्यांनी समजावलं की जेवढं पळतेस तेवढं खात नाहीस, म्हणून शरीर पाळी थांबवून शक्ती वाचवतंय, आणि असंच चाललं तर हाडं कमकुवत होऊन नडगीला बारीक फ्रॅक्चर होईल. तीन आठवडे पळणं बंद, लोहाच्या गोळ्या, जेवणासोबतचा चहा बंद कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही, पालेभाजीवर लिंबू. आई क्लासच्या बॅगेत डबा द्यायला लागली, शेंगदाण्याची चिक्की नाहीतर अळिवाचा लाडू, शिवाय प्रॅक्टिस संपली की अर्ध्या तासात दोन केळी. मी नुसतं तेवढंच पाळलं आणि हळूच्या दिवशी खरंच हळू, म्हणजे मैत्रिणीशी गप्पा मारता येतील इतकं हळू पळले. पूर्ण बरं वाटायला पाचेक महिने गेले. दहावीत जिल्ह्याला 10:58 आलं, तिसरी आले.

म्हणून दहावीचा निर्णय नंतर घ्या, आधी तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या, दोन्ही, कारण फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी तो साठा रिकामा असू शकतो. पाळी नियमित आहे का हे तिच्या आईने किंवा जवळच्या कुणी बाईने स्पष्ट विचारावं, मुली स्वतःहून सांगत नाहीत. रात्री आठ तास झोप होत नसेल तर क्लासची वेळ बदला, गरज पडली तर क्लास बदला. आणि कुणीही, कितीही मोठे सर असोत, तिला वजन कमी कर म्हणत असतील तर तुम्ही स्वतः ग्राउंडवर जाऊन त्यांच्याशी बोला.

दहावीचं म्हणाल तर शालेय स्पर्धा बहुतेक दिवाळीच्या आगेमागे संपतात. मी जानेवारीपासून आठवड्यातून तीनच दिवस पळायचे, सकाळी चाळीस मिनिटं, तेवढं पळालं की दुपारी पुस्तक उघडायला जड जायचं नाही. मार्चमध्ये पेपर झाले, 84 टक्के पडले, आणि शेवटच्या पेपरनंतरच्या रविवारी पहाटे आम्ही चौघी परत येऊरच्या चढावर होतो.