नाकाची शस्त्रक्रिया करूनही चेहऱ्याची मूळ ठेवण टिकवता येते का?

होय, टिकवता येते. मात्र नाक लहान करण्याआधी त्याला आधार देण्याचा विचार व्हायला हवा. भारतीय नाकांत शेंड्यावरची त्वचा बऱ्याचदा जाड आणि आतली कूर्चा (नाकाला आकार देणारा लवचिक भाग) तुलनेने नाजूक असते. अशा नाकातील कूर्चा जास्त कापली, तर जाड त्वचा नव्या सांगाड्यावर नीट बसत नाही, शेंडा रेखीव होण्याऐवजी बोथट दिसतो आणि पुढे श्वास घेण्यातही अडथळा येऊ शकतो. म्हणून अनेक शल्यविशारद नाकाच्या पडद्यातील, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन शेंड्याला उभारी देतात, आणि नाकपुड्या रुंद वाटत असतील तर मुळाशी जेमतेम काही मिलिमीटरच कमी करतात, कारण तिथे जास्त कापले गेलेले भरून काढणे फार कठीण असते. दांड्यावरचा बाक घराण्याची ओळख असेल, तर तो पुसून न टाकता सौम्य करावा, असे मला मनापासून वाटते. सल्ल्यासाठी जाताना एखाद्या अभिनेत्रीच्या छायाचित्राऐवजी स्वतःची आणि आईवडिलांची छायाचित्रे न्यावीत. सूज पूर्ण उतरायला साधारण १ वर्ष, जाड त्वचेत त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर दुरुस्तीची घाई करू नये.