वाचकांचे प्रश्न : हत्यार न उचलणारं पात्र

प्रश्न (नाशिक) : आमचा पाच जणांचा गट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या कथा-खेळाची पाचवी आवृत्ती २०१४च्या नियमांनी सुरू करतोय. मला कुणावरही हत्यार न उगारणारी क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारी पुजारीण) खेळायची आहे. बाकीचे म्हणतात, आम्ही लढणार आणि तू बघत बसणार. असं पात्र चालतं का?

उत्तर : चालतं. मात्र कागदावर नुसतं 'लढत नाही' लिहून भागत नाही. व्रत नेमकं काय आहे, ते एका वाक्यात लिहा. त्याच्या तीन पायऱ्या असतात : जीव घेणार नाही, कुणाला इजाही करणार नाही, दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या इजेला मदतही करणार नाही. तिसरी पायरी फार कठीण. तिच्यात 'ब्लेस' हा आशीर्वादाचा स्पेल (मंत्र)सुद्धा बाद होतो, कारण त्यातला डी४ (चार बाजूंचा फासा) सोबत्यांच्या हल्ल्याच्या फाशात मिळवला जातो. पहिल्यांदाच खेळत असाल तर दुसरी पायरी घ्या.

तुमच्या मित्रांची शंका खरी ठरते ती टर्न (आपली पाळी) वाया गेल्यावर. 'मी मागे उभी राहते' असं तीनदा म्हणालात की सगळ्यांना तुम्ही ओझं वाटणार. तेव्हा प्रत्येक टर्नला काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा.

विझ्डम (शहाणपणाचा गुण) १६ असलेली पहिल्या लेव्हलची क्लेरिक चार स्पेल तयार ठेवू शकते. लाइफ डोमेन (क्लेरिकची बरं करणारी शाखा) घेतलंत तर ब्लेस आणि जखमा भरणारा 'क्युअर वूंड्स' आपोआप तयार असतात, त्यांना जागा लागत नाही. उरलेल्या चार जागी 'सँक्चुअरी', 'हीलिंग वर्ड', 'शील्ड ऑफ फेथ' (संरक्षण वाढवणारा) आणि 'कमांड' घ्या. स्लॉट (स्पेल टाकण्याच्या संधी) मात्र दोनच, त्यामुळे स्पेलवर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

पहिल्या फेरीत तिघांवर ब्लेस टाका, तो जितका लवकर तितका उपयोगी. दुसऱ्या फेरीत बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने) स्वतःवर सँक्चुअरी आणि ॲक्शनने 'हेल्प' : शत्रूपासून ५ फुटांच्या आत उभं राहून त्याचं लक्ष विचलित करायचं, म्हणजे त्याच्यावरच्या सोबत्याच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो. दोन्ही स्पेल एकाच टर्नला टाकायला जाल तर अडाल. बोनस ॲक्शनने स्पेल टाकला की त्या टर्नला दुसरा स्पेल फक्त एका ॲक्शनची कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) असू शकते. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवा क्लेरिक करतो.

सँक्चुअरीचंही नीट समजून घ्या. तुमच्यावर हल्ला करू पाहणाऱ्याला आधी विझ्डम सेव्ह (बचावाचा फासा) करावा लागतो. तो चुकला तर त्याला दुसरं लक्ष्य निवडावं लागतं, नाहीतर हल्ला वाया जातो. फायरबॉलसारख्या सगळा परिसर व्यापणाऱ्या माऱ्यापासून मात्र संरक्षण नाही. तुम्ही हल्ला केलात किंवा शत्रूवर परिणाम करणारा स्पेल टाकलात की सँक्चुअरी संपते. 'ग्रॅपल' करून कुणाला नुसतं धरून ठेवणं नियमांत हल्लाच मोजला जातो, म्हणून तेही चालत नाही. कमांडनेही ती मोडते. हेल्प आणि 'डॉज'ने (हल्ले चुकवण्याच्या कृतीने) मोडत नाही. शिवाय सँक्चुअरीला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) लागत नाही, म्हणून ती ब्लेसच्या जोडीला चालू राहते.

कमांड म्हणजे एका शब्दाची आज्ञा : 'पळ', 'थांब', 'टाक'. समोरच्याला ती भाषा कळली नाही तर स्पेल फुकट जातो. पात्राला 'अकोलाइट' (देवळातली सेवक) ही पार्श्वभूमी घेतलीत तर दोन भाषा मिळतात, त्यातली एक गॉब्लिनांची (छोट्या लुटारू राक्षसांची) घ्या. मेलेले उठून चालून आले असतील तर त्यांच्यावर कमांड चालत नाही.

बरं करण्याची घाई करू नका. हीलिंग वर्डने १डी४+३ (एक चार-बाजूंचा फासा अधिक ३), म्हणजे सरासरी ५.५ हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती) परत येतात (लाइफ डोमेनमध्ये आणखी ३). गॉब्लिनचा एक घाव १डी६+२ चा, म्हणजे सरासरी तितकाच. जखम झाली की लगेच भरत बसलात तर दोन्ही स्लॉट दोन फेऱ्यांत संपतील. स्लॉट उरला असेल तर, सोबती शून्यावर कोसळला की मग ६० फुटांवरून हीलिंग वर्ड टाका, तो स्वतःच्या टर्नला उठून उभा राहतो. स्लॉट संपल्यावर उपयोगी पडतो 'हीलर्स किट' : किंमत ५ सोन्याची नाणी, १० वापर, आणि कोसळलेल्याला स्थिर करायला फासा टाकावा लागत नाही. अकोलाइटच्या १५ नाण्यांत तो सहज बसतो. तो जवळ असेल तर मरणाऱ्याला स्थिर करणाऱ्या 'स्पेअर द डाइंग'वर कॅन्ट्रिप खर्चू नका, सोबत्याच्या फाशाला मदत करणारी 'गायडन्स' घ्या.

प्रश्न (ठाणे) : माझं पात्र जीव घेत नाही, पण बाकीचे शरण आलेल्यांनाही मारतात. मी अडवलं की भांडण होतं.

उत्तर : व्रत तुमच्या पात्राचं आहे, इतरांनी ते घेतलेलं नाही. दर लढाईत सोबत्याचा हात धरलात तर चार जणांचा खेळ तुमच्या परवानगीवर चालू लागतो, आणि राग पात्रावर न राहता माणसावर येतो. हा विषय खेळाच्या मधे काढू नका. पुढच्या सेशनआधी दहा मिनिटं सगळ्यांशी बोला आणि एवढंच मागा : शरण आलेल्याला मारायचं नाही, आणि शेवटचा घाव शक्य असेल तिथे बेशुद्ध करणारा असावा. हाडांचे सापळे आणि यंत्रपुतळे यांना व्रत लागू आहे का, तेही तेव्हाच ठरवा.

बेशुद्ध करायला वेगळा फासा लागत नाही. जवळून केलेल्या हल्ल्याने शत्रू शून्यावर आला की मारणाऱ्याने त्याच क्षणी 'बेशुद्ध करतो' म्हणायचं, बस. बाण किंवा लांबून टाकलेल्या 'फायर बोल्ट' या आगीच्या स्पेलने हे होत नाही, म्हणून शेवटचा घाव तलवारवाल्यावर सोडा. असा शत्रू स्थिर असतो आणि १डी४ तासांनी १ हिट पॉइंटवर शुद्धीवर येतो. म्हणजे तुमच्या हाती किमान एक तास आहे.

सोबती कैद्याला मारतात ते बहुतेक वेळा कैदी ही कटकट वाटते म्हणून. ती कटकट तुम्ही अंगावर घ्या. ५० फूट दोर १ नाण्याला मिळतो. तो तोडायला स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) फाशात १७ लागतो. २ नाण्यांच्या बेड्या तोडायला २० लागतो. कैद्याला कुठे ठेवायचं, त्याला काय विचारायचं आणि कधी सोडायचं, याची योजना लढाई संपताच तुम्हीच मांडा. कैद्याकडून पुढच्या दाराची माहिती एकदा मिळाली की गटाचा विरोध बराच मावळतो.

प्रश्न (पणजी) : मी डीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारा) आहे. आमच्यातली एकजण प्रत्येक शत्रूशी बोलायला जाते. एका चांगल्या फाशात लढाई संपते, नाहीतर काहीच होत नाही. शिवाय लढले नाहीत तर एक्सपी (अनुभवाचे गुण) कसे द्यायचे?

उत्तर : अडचण एकाच फाशावर सगळं सोपवण्यात आहे. पर्सुएशन (मन वळवण्याचं कौशल्य) म्हणजे वशीकरण नव्हे. डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकात संभाषणाचे नियम आहेत, ते क्वचितच वापरले जातात. त्यांनुसार वैरभाव असलेला प्राणी १० आल्यावर मदत करत नाही, पण त्रासही देत नाही. २० आल्यावर सांगितलेलं करतो, तेही त्याला स्वतःला धोका किंवा झीज नसेल तरच. म्हणजे पुलावरचे गॉब्लिन २० आला तरी आपल्या सरदाराशी गद्दारी करणार नाहीत, फार तर पुलावरून जाऊ देतील.

प्रत्येक टोळीसाठी आधी दोन ओळी लिहून ठेवा : यांना काय हवंय, आणि कुणाची भीती वाटते. खेळाडूने बोलता बोलता त्यातलं काही ओळखलं तर ॲडव्हांटेज द्या, चुकीच्या जागी बोट ठेवलं तर डिसॲडव्हांटेज. मग संभाषणाला दोन-तीन टप्पे येतात आणि इतर खेळाडूंनाही त्यात शिरता येतं.

लढाई जुंपल्यावरही दार बंद होत नाही. त्याच पुस्तकात मनोधैर्याचा ऐच्छिक नियम आहे : शत्रू पहिल्यांदा निम्म्या हिट पॉइंटवर आला, किंवा टोळीचा म्होरक्या पडला, तर १० चा विझ्डम सेव्ह. तो चुकला की पळतात, वाट नसेल तर शरण येतात. हा नियम जरूर लावा. अहिंसक पात्राला त्यामुळे लढाईच्या मध्यावरही काम उरतं.

ही काही नवी टूम नाही. याच खेळाच्या १९८१च्या 'बेसिक' संचात भेटलेल्या प्राण्याची पहिली प्रतिक्रिया दोन सहा-बाजूंच्या फाशांवर ठरायची आणि तडक हल्ला फक्त २ आल्यावर व्हायचा, म्हणजे छत्तीसात एकदा. एक्सपीही मुख्यतः आणलेल्या खजिन्याचे मिळत. एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी, तर गॉब्लिन मारल्याचे जेमतेम ५. त्या हिशोबात लढाई टाळणं हाच शहाणपणा होता.

एक्सपी पूर्ण द्या. चार गॉब्लिनचे ५० प्रमाणे २०० होतात. ते मेले, पळाले किंवा बोलून वाटेतून दूर झाले, तरी २०० च. बोलण्याचे कमी दिलेत तर पुढच्या वेळी सगळे तलवारच काढतील.

प्रश्न (पुणे) : लढाई मुळातच नसलेला असा एखादा खेळ आहे का?

उत्तर : आहे. जे ड्रॅगन यांचा 'वाँडरहोम' (२०२१) बघा. युद्ध संपून गेलेल्या देशात प्राणी-लोकांचा प्रवास, फासे नाहीत, टोकन देऊन-घेऊन खेळ पुढे सरकतो. त्यात एक जुना योद्धा खेळता येतो. तो समोरच्याला तलवारीने ठार करू शकतो, पण तसं केल्यावर ते पात्र कायमचं खेळाबाहेर जातं.